अंजलैचं सांबार

१

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून चौकशी अधिकारी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर पांढरीफेक खिडकी होती. फाइल एकही नाही.

“वकीलअम्मा, यात पुरावा आहे म्हणालात,” ते म्हणाले. “यात तर काहीच नाही.”

समोरच्या बाकावर ट्रस्टचे सचिव चिदंबरनाथन बसले होते. त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. हसू लपवायला की खोकला आवरायला, कोण जाणे. 

सेम्मनूरच्या मुलींच्या वसतिशाळेत दुपारचं जेवण झालं आणि तासाभरात मुली ओकायला लागल्या. बहुतेक जणी सलाईनवर सावरल्या. पाचवीतली वेण्णिला नाही सावरली. दुसऱ्याच दिवशी ट्रस्टने जाहीर करून टाकलं की सांबारात पाल पडली होती आणि झाकण न ठेवणारी स्वयंपाकीण अंजलै याला जबाबदार आहे. अंजलै तेव्हा स्वतः इस्पितळात होती. तिथूनच पोलिसांनी तिला उचललं. जामीन झाला आणि वकीलपत्र माझ्याकडे आलं, ते चौकशीच्या तोंडावर.

आमचा सगळा भार एका पेनड्राइव्हवर होता. वसतिशाळेतच राहून इंग्रजी शिकवणारी रेजिना नावाची तरुण बाई होती. मालाबद्दल तोंडी तक्रारी करून दमल्यावर तिने आपल्या मोबाइलवर कोठीघराचं चित्रण करायला सुरुवात केली होती. डाळीत वळवळणाऱ्या अळ्या, काळंकुट्ट तेल, डाळ-तांदळाच्या पोत्यांत फुटलेल्या कीड मारायच्या गोळ्या. मुलगी गेल्यावर शाळेने रेजिनाचा मोबाइल मागून घेतला आणि तो म्हणे पाण्याच्या पिंपात पडला. पण चित्रण त्याआधीच पेनड्राइव्हवर उतरवलेलं होतं. वेल्लूरला मावशीकडे गेलेली रेजिना त्या सकाळी बसने आली, व्हरांड्यात तिने तो माझ्या हातात ठेवला आणि लगेच पुकारा झाला. उघडून बघायलाही सवड मिळाली नव्हती.

अधिकाऱ्यांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. तोवर काही दाखवता आलं नाही तर अहवाल पाठवून देईन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर अंजलै भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर आवळून घेतला.

२

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर एका जिन्याच्या टोकाला तवमणी अम्मांची खोली आहे. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी सारी नोकरी संगणकांच्या पोटात हात घालण्यात काढली. आता लोकांचे मेलेले फोटो आणि हरवलेले हिशेब परत आणून देतात. त्यांच्याबरोबर खटल्यांत मी बऱ्याचदा काम केलंय. बाई तोंडाने तिखट. पुढ्यात आलेली कुठलीही वस्तू आधी पुसतात, मग हातात घेतात.

त्यांनी पेनड्राइव्ह पुसला आणि एका वेगळ्या डबीतून आपल्या यंत्राला जोडला. तसं केलं की फक्त वाचता येतं, चुकूनही काही लिहिलं जात नाही. मी समोर बसून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाचत राहिले.

“पुसलंय,” त्या म्हणाल्या.

“परत येईल?”

“नुसतं पुसलं असतं तर आलं असतं. दारावरची पाटी काढली म्हणून घरातलं बिऱ्हाड उठत नाही, सामान आत तसंच असतं. पण इथे कोणीतरी पाटी काढली, मग दुसरं बिऱ्हाड आणून कोंबलं. पार छतापर्यंत. आणि शेवटी त्याचीही पाटी काढली. वरवर बघणाऱ्याला वाटावं, कोरा आहे. पहिल्या बिऱ्हाडाचं सामान चिरडून गेलंय, पोरी.”

 मग आता अंजलैचं काय, असं मी विचारलं बहुतेक.

“पहिलं गेलं असेल, पण दुसरं आहे की,” तवमणी म्हणाल्या. “घाण पुसायला माणूस हाताशी असेल ते फडकं घेतो. ते फडकं कोणाच्या घरचं, ते बघू. वेळ लागेल. यंत्र चालू देत. तोवर मला माणसं दाखव.”

पहिलं माणूस रेजिना. ती खालीच, रसाच्या दुकानापाशी उभी होती. वर आली, बसली आणि पेनड्राइव्हचा प्रवास तिने रडत-रडत सांगितला. तो तिचा जुना, कॉलेजपासूनचा. आधीच सिनेमे आणि धड्यांच्या फायलींनी ठासून भरलेला. शेवटच्या दिवसाचं चित्रण त्यात बसता बसता बसलं होतं. घटनेनंतर तो पहिल्यांदा गेला इलंगोवन सरांकडे. सर तमिळ शिकवतात, गावोगावी भरणाऱ्या वक्त्यांच्या वादसभा गाजवतात, आणि ‘अंजलै बचाव समिती’ उभी केली तीही त्यांनीच. त्यांच्याकडे तो दोन दिवस होता. परत आला आणि लगेच चिदंबरनाथननी कचेरीत बोलावून काढून घेतला. समितीने दारात बसायची धमकी दिली तेव्हा दुसऱ्या दिवशी परत दिला. मग रेजिना वेल्लूरला गेली.

“शेवटच्या दिवशी काय टिपलं होतंस?” तवमणींनी विचारलं.

तिला नीट सांगता येईना. डाळीला उग्र वास येत होता, ती रटरटताना टिपायची होती. पण ताटं मांडायला हाक आली म्हणून चालू मोबाइल तिने मसाल्याच्या डब्यांना टेकवून ठेवला आणि गेली. नंतर बघायचा धीरच झाला नाही. न बघता उतरवून घेतलं.

“इतके दिवस टिपत होतीस, तर पोरींना जेवू का दिलंस?”

रेजिनाने मान खाली घातली. पुरेसा पुरावा गोळा झाला की एकदम वर दाखवायचा होता, असं ती पुटपुटली. आणि ती स्वतः? ती गावातून डबा आणवत होती.

तवमणींनी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर तो पेला त्यांनी दोनदा विसळला.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सेम्मनूरला गेलो. स्वयंपाकघराला सील होतं, पण खिडकीतून वास येतच होता. आंबट, गोडसर, घशात बसणारा. अंगणात कावळे होते, मुली नव्हत्या.

चिदंबरनाथन कचेरीत होते आणि शेजारी धान्य पुरवणारा नटेसन चकलीसारख्या मुरुक्कूंची बशी मांडीवर घेऊन बसला होता. नटेसनने आम्हालाही बशी पुढे केली. त्याचं बोलणं एवढंच, की माल उत्तम होता. आणि नसलाच थोडा उत्तम, तरी फुकट जेवणाऱ्या पोरींना बासमतीच लागतो का? बोलता बोलता त्याने दातांतला कण नखाने काढला आणि सचिवांच्या टेबलाच्या कडेला पुसला. सचिवांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पेनड्राइव्हबद्दल चिदंबरनाथन शांतपणे बोलले. आपण तो उघडलाच नाही, खणात ठेवला. उघडणार कशात? कचेरीतला एकुलता एक कॉम्प्युटर पोलिसांनी घटनेच्या दुसऱ्याच दिवशी जप्त करून नेला होता. हे खरं होतं, पंचनामा मी वाचला होता.

“मग तुम्ही घेतला कशाला?” मी विचारलं.

“कोणाच्या हाती पडू नये म्हणून.”

“आणि बघावंसंही वाटलं नाही?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अडाण्यासारखं विचारलं होतं. “बघितलं असतं तर मला माहीत झालं असतं ना, मॅडम. माहीत असलेला माणूस अडकतो.”

तिथून निघाल्यावर तवमणी रस्त्याच्या कडेला थांबून खोल श्वास घेत राहिल्या.

इलंगोवन सरांचं घर स्वच्छ होतं. भिंतीवर सत्काराच्या ढाली, खुंटीवर शाली. त्यांनी स्वतःच्या हाताने कॉफी आणली आणि अंजलैचं नाव घेताच त्यांचे डोळे भरून आले.

“तिच्या हाताला माझ्या आईच्या हाताची चव आहे,” ते म्हणाले. “शाळेचा नियमच आहे, मुलींआधी शिक्षकाने चाखायचं. त्या दिवशी माझी पाळी होती. मी वाटीभर सांबार भातावर घेऊन खाल्लं. अमृत होतं, अम्मा. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.”

जेवून लगेच ते दुपारच्या बसने तिरुवण्णामलैच्या वादसभेला गेले होते. बातमी तिथे कळली. पेनड्राइव्हबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की उघडायची छातीच झाली नाही, दोन दिवस मुरुगनच्या तसबिरीपुढे ठेवला होता.

मग आम्ही न विचारता त्यांनी लॅपटॉप उघडला. शोकसभेतलं त्यांचं भाषण होतं. समितीच्या लोकांनी सगळी सभा टिपली होती, रेजिनाकडे आणि शाळेकडेही तिची प्रत होती. पण इथे पडद्यावर सुरुवातच सरांच्या वाक्याने झाली. “वेण्णिला, चांदणं कधी मरतं का गं?” तमिळमध्ये वेण्णिला म्हणजे चांदणं. मागे हार घातलेला मुलीचा फोटो, पुढे बायका हुंदके देताहेत. सर खुर्चीत बसून स्वतःला ऐकत होते आणि त्यांचे ओठ शब्दागणिक हलत होते.

“बाकीची माणसं बोलली नाहीत का?” तवमणींनी विचारलं.

“बोलली ना. चिदंबरनाथन बोलले, रेजिना बोलली. मुलीचा बाप उभा राहिला, पण बोलू शकला नाही. ते सगळं कापलं मी. फार लांबतं, परिणाम जातो. वादसभा भरवणारे नमुना मागतात तेव्हा हेच पाठवतो.”

मी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला.

शेवटी अंजलैकडे गेलो. तिने डाळीच्या वासाबद्दल आधी नटेसनला, मग सचिवांना सांगितलं होतं. तीन पाण्यांनी धू, असं उत्तर मिळालं. धुतली. त्या दिवशी सर पळी घेऊन मागच्या दाराशी चाखायला गेले, तेव्हा ती भात वेळत होती. तोंड पुसत आले आणि वाढा म्हणाले. मग तिने आपल्याही तळहातावर थोडं घेऊन चाटलं. किंचित कडवट वाटलं. पण सर हो म्हणालेत तर आपलीच जीभ खराब असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिलाही सलाईन लागलं.

“सर देवमाणूस आहेत,” अंजलै म्हणाली. “माझ्यासाठी एवढं कोण बोलतं?”

परतीच्या बसमध्ये तवमणींनी आधी खिडकीची कड रुमालाने पुसली. मग म्हणाल्या, “तीन दारं फिरलो. त्यातला एक जण आपल्याशी असं खोटं बोललाय की ते त्याच्याच तोंडून फुटलंय. तू वकील आहेस, तुला ऐकू आलं नाही?”

४

मला ऐकू आलं नव्हतं. मी कबूल केलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

खोलीवर पोहोचलो तर यंत्राने आपलं काम उरकलेलं होतं. पडद्यावर नावांची रांग लागली होती आणि सगळी नावं एकाच फाइलची. एकच व्हिडिओ, प्रतीमागून प्रत, प्रतीमागून प्रत, पेनड्राइव्ह तुडुंब होईपर्यंत चिकटवलेला. तवमणींनी पहिली प्रत उघडली.

शाळेचं सभागृह. मागे हार घातलेला फोटो. वेण्णिला.

मी ताडकन उठले. सभागृह शाळेचं, सभेच्या चित्रणाची प्रत शाळेकडे, पेनड्राइव्ह काढून घेणारे चिदंबरनाथन. कॉम्प्युटर पोलिसांनी नेला तर काय झालं, नटेसनकडे असेल, एखाद्या पुतण्याकडे असेल. दोघांनी मिळून केलं, असं मी म्हणाले. आत्ता अधिकाऱ्यांना फोन करते, असंही म्हणाले.

“आवाज मोठा कर आणि बस,” तवमणी म्हणाल्या.

मी आवाज मोठा केला. “वेण्णिला, चांदणं कधी मरतं का गं?”

व्हिडिओ पुढे सरकत गेला. सचिव नाहीत. रेजिना नाही. बाप नाही. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत एकच माणूस. फाइलचं नावही त्याला शोभेसं होतं: ‘भाषण अंतिम’.

“शाळेकडे आहे ती सगळी सभा,” तवमणी म्हणाल्या. “रेजिनाकडेही सगळी सभा. एका पोरीच्या शोकसभेतून तिच्या बापाला कापून स्वतःला कोण ठेवतं?”

तरी माझं वकिली डोकं गप्प बसेना. सर तर आमच्या बाजूचे. ही फाइल त्यांनी सभावाल्यांना पाठवली आहे, म्हणजे इतरांच्याही हाती पडली असेल. कोणी मुद्दाम सरांना अडकवायला ती वापरली नसेल कशावरून?

“अडकवणारा माणूस पुरावा दिसेल असा ठेवतो,” त्या म्हणाल्या. “इथे तो भरून वर पुसला आहे. दिसू नये म्हणून धडपड केली आहे. आणि ते भाषण वापरलं यात कट नाही, काही नाही. घाईत जी मोठी फाइल हाताशी होती ती घेतली. त्याच्या हाताशी दुसरं काय असणार?”

“पण का? त्यांना काय पडलं होतं?”

“आता ते खोटं ऐक, जे तुला ऐकू आलं नाही.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “अंजलैने तळहातावर चाटलं, तेवढ्याने ती सलाईनवर गेली. हा म्हणतो, वाटीभर खाल्लं. वाटीभर खाऊन बसमध्ये बसला, परगावी जाऊन सभा गाजवली, आणि पोटात साधी कळही नाही. एकतर विषाने त्याला ओळख दाखवली, नाहीतर त्याने ते गिळलंच नाही.”

मी वही पुढे ओढली.

“आणखी एक. तो तिची स्तुती करतो, ती नीट ऐक. मी खाल्लं तेव्हा सांबार अमृत होतं. म्हणजे डाळ चांगली, तेल चांगलं, नटेसन निर्दोष. म्हणजे जे काही पडलं ते नंतर पडलं. नंतर भांड्यापाशी कोण होतं? अंजलै. तुझा हा साक्षीदार तिच्या गळ्यात हार घालत नव्हता, फास घालत होता.”

मला समितीच्या सभा आठवल्या. हजारो माणसांपुढे त्याने अंजलैला व्यासपीठाच्या पायऱ्या चढवून वर नेलं होतं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तिने त्याच्या पायांना हात लावला होता.

“हा सगळा तर्क झाला,” मी म्हणाले. “चौकशीत तर्क टिकत नाही, अम्मा.”

“नाही टिकत,” तवमणी म्हणाल्या. “पण भाषण लांबलचक होतं. त्याची शेवटची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये बसली नाही.”

५

त्याचा अर्थ त्यांनी मला समजावून सांगितला. मोठी फाइल चिकटवताना जागा पुरली नाही की यंत्र नकार देतं. त्याला वाटलं, भरलं सगळं. पण शेवटाला थोडी फट राहून गेली होती, आणि त्या फटीवर कोणीच पाय ठेवला नव्हता. पेनड्राइव्ह आधीपासून ठासून भरलेला. रेजिनाचं शेवटचं चित्रण अगदी टोकाला जाऊन बसलेलं. त्याचा मागचा तुकडा तिथे तसाच होता.

तुकड्याला डोकं नव्हतं, नुसतं धड होतं, त्यामुळे तो उघडत नव्हता. तवमणींनी गल्लीतून रेजिनाच्या मोबाइलच्याच बनावटीचा एक जुना मोबाइल आणवला, समोरच्या भिंतीचं थोडं चित्रण केलं आणि त्याचं डोकं या धडाला लावलं. बसेना. पुन्हा लावलं. दोन दिवस त्या यंत्राशी भांडत होत्या. बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला, ये म्हणाल्या, आणि जेवली असशील तर थोडं थांबून ये.

चित्र तिरकं होतं. कडेला मसाल्याचे डबे, मध्ये सांबाराच्या पातेल्याचा काठ, पलीकडे मागचं दार आणि मोरी. इलंगोवन सर दाराशी उभे होते. त्यांनी पळीतलं सांबार वाटीत ओतलं, फुंकर मारली आणि घोट घेतला.

मग ते थांबले. वाकले. मोरीत थुंकले. पुन्हा थुंकले. खांद्यावरच्या टॉवेलने जीभ पुसली, नळ सोडून चूळ भरली, परत चूळ भरली. वाटी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं मोरीत उपडं केलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग सदरा नीटनेटका करून ते चित्राबाहेर गेले आणि त्यांचा तो भरदार आवाज आला.

“वाढा, अम्मा. फर्स्ट क्लास झालंय.”

पुढे ताटांचा खणखणाट होता आणि मुलींची प्रार्थना. अन्नासाठी देवाचे आभार मानणारी.

मी जिन्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. खाली रिची स्ट्रीटवर वायरी, स्पीकर, माणसांची रेटारेटी, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तवमणी मागून आल्या.

“नोकरीत मी काय काय पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “पुसलेलं रक्त पाहिलंय. पण आज हात धुऊनही धुतल्यासारखे वाटत नाहीत.”

नियमाप्रमाणे त्या चित्रणाच्या प्रती त्याच संध्याकाळी सगळ्या पक्षकारांना द्याव्या लागल्या. एक इलंगोवन सरांनाही गेली.

६

गुरुवारी सकाळी व्हरांड्यात ते माझी वाट बघत होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, इस्त्रीचा सदरा. मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागले. पोटात अल्सर आहे, तिखट सोसत नाही, म्हणून थुंकलो.

“मग वाटी का हुंगलीत?” मी विचारलं.

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मी म्हटलं, तुम्हाला कळलं होतं. जेवण थांबवायला एक शब्द पुरला असता.

“थांबवलं की नियमाप्रमाणे नवीन स्वयंपाक होईपर्यंत चाखणाऱ्याला थांबावं लागतं,” ते म्हणाले. “बस गेली असती. त्या सभेत पहिलं नाव माझं होतं, मॅडम. आणि मुलींची पोटं दुखली असती फार तर. असं होईल हे कोणाला माहीत?”

“बरं. पेनड्राइव्ह तुम्ही पाहिलात. तुमचा व्हिडिओ एकच होता. तेवढा पुसायचा. बाकीच्यांनी अंजलै सुटली असती.”

याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं, कारण त्यावर त्यांचा विचार झालेला होता. “शेवटचा दिवसच गायब झाला असता तर रेजिनाने विचारलं असतं, तेवढाच का गेला. सगळंच गेलं तर बिघाड वाटतो.”

माझ्यापुढे एक शिकलेला, सुंदर बोलणारा माणूस उभा होता, आणि मला त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्याने माझ्यापुढे हात जोडले.

“एक विनंती आहे. थुंकलो ते दाखवा, माझी ना नाही. पण पुसायला काय वापरलं होतं ते तेवढं सांगू नका. ते भाषण लोकांना फार आवडलंय. अजून मागतात.”

 बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही. मी आत गेले.

तवमणींनी सगळं सांगितलं. काय पुसलं, कशाने भरलं, भरलेलं कसं पुसलं आणि काय उरलं. आवाज चढवला नाही, एकही विशेषण वापरलं नाही. मग तो तुकडा लावला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. चूळ भरल्याचा आवाज त्याहून मोठा वाटला. नटेसनसुद्धा खाली बघत होता. चिदंबरनाथननी रुमाल काढला, पण या वेळी तो तोंडाशी नेला नाही, नुसता हातात चुरगाळत बसले. रेजिना एका कोपऱ्यात तोंड झाकून रडत होती.

संपल्यावर अधिकाऱ्यांनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं. वेण्णिलाचा बाप उठला. वीटभट्टीवर काम करणारा, सुकलेल्या अंगाचा माणूस. शोकसभेत त्याला बोलता आलं नव्हतं.

“सर,” तो इलंगोवनना म्हणाला, “तुम्हाला चूळ भरायला वेळ मिळाला. तेवढ्यात पोरींना सांगायचं होतं, खाऊ नका. भाषण नको होतं. दोन शब्द.”

इलंगोवन सरांनी तोंड उघडलं. इतक्या सभा जिंकलेल्या त्या माणसाच्या तोंडून आवाज फुटला नाही. बाप थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग खाली बसला.

अंजलैवरचा ठपका त्याच दिवशी पुसला गेला. नटेसन, चिदंबरनाथन आणि इलंगोवन यांच्यावर पुढे खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. समितीचा फलक चौकात आठवडाभर लटकत होता. मग कोणीतरी सरांचा चेहरा तेवढा फाडून टाकला.

त्या गुरुवारी दुपारी मी अंजलैला बसने घरी सोडायला गेले. ती सुटली होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, अक्का, आता कोणी तुला बोल लावणार नाही. सगळ्यांना कळलं तुझा दोष नव्हता.

तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती वेण्णिला पानात कधी काही टाकायची नाही. त्या दिवशी तिने पुन्हा सांबार मागितलं. बाकीच्या नाक मुरडत होत्या, ती एकटी मागत होती. मला बरं वाटलं म्हणून मी तिला दोन पळ्या वाढल्या, वकीलअम्मा.”

बस थांबली. ती उतरली आणि मागे न बघता चालायला लागली.